साउथ टिरोल: एक दिवस चढा, एक दिवस भिजा

आम्ही म्युनिकला राहतो, आणि इथल्या प्रत्येक मराठी घरात मे महिना आला की एकच विषय सुरू होतो, आई-बाबा येणार आहेत तर त्यांना न्यायचं कुठे. स्वित्झर्लंडचा खर्च ऐकून बाबाच नको म्हणतात, पॅरिस-रोमला उन्हात रांगा लावून पायांचे तुकडे पडतात, मग आम्ही आपले ट्रेनमध्ये बसतो आणि चार तासांत ब्रेनरची खिंड ओलांडून इटलीत उतरतो. साउथ टिरोल. पाच वेळा जाऊन झालंय, आणि आता फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते, ज्याला हवं त्याने वाचा.

आधी एक गोंधळ मिटवू. हा भाग नकाशावर इटलीत आहे पण पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता, १९१९ च्या तहात इटलीकडे गेला, त्यामुळे अजूनही बहुतेक लोक घरात जर्मन बोलतात, बाकी इटालियन, आणि दोन-तीन खोऱ्यांत लादिन नावाची वेगळीच जुनी भाषा आहे. परिणाम असा की प्रत्येक गावाला दोन नावं, कुठे तीन. बोल्झानो म्हणजेच बोझेन, सियुसी म्हणजेच झाइस, फिए म्हणजेच फ्यॉल्स. पहिल्या वर्षी मी रूम बुक केली झाइसला आणि मग दोन दिवस नवऱ्याशी वाद घालत होते की आपण सियुसीला राहायला हवं होतं, केबल कार तिथून निघते. एकच गाव. तेव्हा प्लॅनिंग करताना कागदावर दोन्ही नावं लिहून ठेवा, बसच्या पाटीवर आणि अ‍ॅपमध्ये कुठलंही आधी येऊ शकतं.

आता मुख्य मुद्दा. आपले लोक इथे येऊन एक चूक हमखास करतात, फोटोत पाहिलेली सगळी ठिकाणं पाच दिवसांत कोंबतात. सकाळी एक लेक, दुपारी दुसरा डोंगर, रात्री ड्राइव्ह करून तिसरं गाव. असं करू नका. इथली माणसं डोंगर आणि गरम पाणी जोडीनेच करतात, चढून आलं की भिजायचं, भिजून झालं की झोपायचं आणि मग परत चढायचं. तुम्हीपण दिवसांच्या जोड्या लावा, एक चालण्याचा, त्याच्यामागे एक भिजण्याचा. पन्नाशी-साठीच्या गुडघ्यांना तर दुसरा मार्गच नाही, आणि खरं सांगू तर पस्तिशीच्यासुद्धा.

कधी जायचं

वरचे डोंगर करायचे असतील तर जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत. माझं मत विचाराल तर सप्टेंबर, डोळे मिटून. हवा स्थिर असते, गर्दी ओसरते, आणि डोंगरावर चरायला गेलेल्या गाईंना फुलांनी सजवून वाजतगाजत खाली आणतात ते बघायला मिळू शकतं, बैलपोळ्याची आठवण येते अगदी. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वादळं होतात आणि १५ ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर असते, तो आठवडा टाळाच. एप्रिलमध्ये मेरानोच्या खोऱ्यात सफरचंदाला फुलं येतात, खाली फिरायला आणि स्पाला मस्त, पण वर बर्फ असतो. नोव्हेंबर आणि एप्रिल-मे मध्ये डोंगरावरच्या बऱ्याच केबल कार आणि हॉटेलं चक्क बंद असतात, स्वस्त तिकीट मिळालं म्हणून उड्या मारू नका.

राहायचं कुठे

दोन मुक्काम करा, जास्त नको. तीन रात्री मेरानो आणि चार रात्री सियुसी, कास्टेलरुथ किंवा ओर्तिसेई यापैकी कुठेही. मेरानो फक्त सव्वातीनशे मीटरवर आहे, चक्क पाम आणि ऑलिव्हची झाडं दिसतात, तिथे स्पा आणि सपाट वाटा. दुसरा मुक्काम हजाराच्या वर, डोलोमाइट्स या डोंगररांगेच्या पायथ्याशी. मेरानोला राहून रोज डोलोमाइट्सला जाऊ असं नकाशावर सोपं वाटतं पण ट्रेन, बस, केबल कार धरून निम्मा दिवस त्यातच जातो.

हॉटेलपेक्षा शेतकऱ्यांच्या घरातली अपार्टमेंट बघा, रोटर हान म्हणजे लाल कोंबडा या नावाखाली अशा शेकडो शेतघरांची नोंदणी आहे. स्वयंपाकघर असतं, म्हणजे रात्री खिचडी टाकता येते, आणि सकाळी दाराशी ताजं दूध. आईला तर हॉटेलातल्या स्पापेक्षा गोठाच जास्त आवडला, रोज संध्याकाळी जाऊन बसायची, त्या घरच्या आजी जर्मनमध्ये आणि ही मराठीत, अर्धा अर्धा तास गप्पा.

बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा, साउथ टिरोल गेस्ट पास देता का. बहुतेक जण देतात. हा पास असला की अख्ख्या प्रांतातल्या लोकल ट्रेन आणि बस तुमच्या मुक्कामाच्या दिवसांत फुकट, बोल्झानोहून रेनोनच्या पठारावर जाणारी केबल कारसुद्धा त्यात धरलेली आहे. डोंगरावरच्या बाकीच्या बहुतेक केबल कार मात्र वेगळ्या पैशांच्या आणि स्वस्त नाहीत, चौघांचं येणं-जाणं धरलं की दिवसाच्या बजेटचा मोठा घास तोच घेतो. या पासमुळे गाडी भाड्याने घ्यायची गरजच राहत नाही. बाबांना पटत नव्हतं, इथे बस वेळेवर येते हे त्यांना तिसऱ्या दिवशी पटलं.

पोचायचं कसं

म्युनिकहून वेरोनाकडे जाणारी ट्रेन पकडली की थेट बोल्झानो. भारतातून येणारे मिलानला उतरून वेरोना आणि तिथून दीड-दोन तासांत बोल्झानो असं येऊ शकतात. बोल्झानोहून मेरानो लोकल ट्रेनने चाळीसेक मिनिटं. इटलीत लोकल ट्रेनचं कागदी तिकीट काढलं असेल तर प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असून दंड.

आई-बाबांचा व्हिसा. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाचा शेंगेन व्हिसा काढायचा, म्हणजे ते तुमच्याकडे जर्मनीत दोन महिने आणि इटलीत एक आठवडा राहणार असतील तर अर्ज जर्मनीचा. फी मोठ्यांना ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरो कव्हरचा लागतो. इथे जरा थांबा. विमा घेताना डोंगरातली सुटका आणि हेलिकॉप्टर त्यात धरलंय का हे लेखी विचारा, कारण सर्वात स्वस्त पॉलिसीत बऱ्याचदा नसतं आणि एजंट तर फोनवर सगळ्यालाच हो म्हणतो. आणि सीमा ओलांडताना पासपोर्ट जवळच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको, जर्मनीत परत शिरताना पोलीस ट्रेनमध्ये चढून बघतात.

बॅगेत काय

बूट. बाकी सगळं नंतर. घोट्याला आधार देणारे, सोलला खाचा असलेले, आणि आधी किमान महिनाभर घालून चाललेले. आणि जुने असतील तर सोल हाताने ओढून बघा. बाबांनी पुण्याहून त्यांचे सिंहगडाचे लाडके ट्रेकिंग शूज आणले होते, सात-आठ वर्षं कपाटात जपलेले, वरून नवे कोरे. सोल आणि बुटाच्या मधला तो फोम असतो ना, तो नुसता ठेवून ठेवूनसुद्धा दमट हवेत आतून सडतो. आल्पे दि सियुसीच्या कुरणावर तिसऱ्या किलोमीटरला डाव्या बुटाचा सोल जिभेसारखा लोंबायला लागला, दहा मिनिटांनी उजवा. आईच्या केसांचे रबर बँड आणि माझी ओढणी बांधून तो माणूस केबल कारपर्यंत चालत आला, रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण आधी बुटाकडे आणि मग आमच्याकडे बघून हसत होता. तेव्हा सोल ओढून बघा.

बाकी वॉकिंग पोल घ्याच, इथे उतार लांब असतात आणि गुडघे चढताना नाही उतरताना जातात. जुलैमध्येसुद्धा एक उबदार जॅकेट आणि एक पावसाचं, पातळ टोपी, सनस्क्रीन, लिटरभर पाणी. खाली ३५ डिग्री असताना वर १० असू शकतं. स्पासाठी स्विमिंग कॉस्च्यूम, चपला आणि प्रत्येकी दोन टॉवेल, दुसरा का ते पुढे सांगते. इटलीत बऱ्याच स्विमिंग पूलमध्ये डोक्यावर टोपी सक्तीची असते, दोन-चार युरोची ती टोपी टाकून ठेवा.

मेरानो: पाटाकाठी चालणं

पहिल्या दिवशी केबल कार वगैरे काही नको. सरळ वालवेगवर जा. हे वाल म्हणजे आपले पाट. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी शेकडो वर्षांपूर्वी पाट काढून उतारावरच्या बागांना आणलं, आणि त्या पाटाची देखभाल करणाऱ्या माणसाला चालायला कडेने जी पायवाट ठेवली तीच आज सगळे चालतात. त्या माणसाला वालर म्हणतात, म्हणजे आपला पाटकरीच, कोणाला किती वेळ पाणी हे तोच बघणार. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यांना डोंगर बघायचाच नव्हता, पाटाच्या प्रत्येक दारापाशी थांबून लाकडी फळी कशी सरकते ते बघत होते.

एक गंमत नक्की शोधा. काही ठिकाणी पाटात लहानसं लाकडी चाक बसवलेलं असतं, पाणी वाहिलं की चाक फिरतं आणि त्याला जोडलेला हातोडा घंटेवर टण टण पडत राहतो. घंटा वाजतेय तोवर पाणी चालू, थांबली की समजायचं वर कुठेतरी पाट तुंबला. पाटकरी घरी बसून कानाने पहारा करायचा.

सगळ्यात लांब म्हणजे मार्लिंगचा पाट, साधारण १२ किलोमीटर, अठराव्या शतकातला, जवळजवळ सपाट, एका बाजूला सफरचंदाच्या बागा आणि खाली सगळं खोरं. सगळा करायची गरज नाही, मध्ये कुठेही गावात उतरून बस मिळते. वय झालेल्यांना किंवा बाबागाडी असलेल्यांना गावातलाच टाप्पाइनर रस्ता पुरतो. जूनपासून खाली चांगलंच उकडतं, सकाळी आठला निघा. फळं तोडू नका, झाड वाटेवर वाकलेलं असलं तरी, ती कोणाची तरी शेती आहे. बऱ्याच ठिकाणी कडेला टोपली आणि पैशांचा डबा ठेवलेला असतो, त्यात पैसे टाका आणि हवं ते उचला.

मेरानो: भिजण्याचा दिवस आणि सॉनाचे नियम

मेरानो स्पासाठी जुनं प्रसिद्ध, ऑस्ट्रियाची महाराणी एलिझाबेथ, जिला सगळे सिसी म्हणतात, ती १८७० मध्ये इथल्या ट्राउट्मान्सडोर्फ किल्ल्यात हवापालटाला राहिली आणि मग सगळ्या युरोपातले श्रीमंत यायला लागले. त्या किल्ल्याभोवती आता १२ हेक्टरची बाग आहे, वेळ असेल तर बघा. आताचं टेर्मे मेरानो मात्र २००५ चं, नदीकाठी काचेचा मोठा ठोकळा, आत-बाहेर मिळून २५ तलाव. आपल्याला गरम पाण्याचं कुंड म्हटलं की वज्रेश्वरी-गणेशपुरी डोळ्यासमोर येते, गंधकाचा वास आणि वाफाळलेलं पाणी, तसं इथे काही नाही. इथल्या पाण्याची ख्याती त्यातल्या रेडॉनसाठी आहे, बाकी कोमट, गरम, खारट असे वेगवेगळे तलाव.

तिकीट काढताना दोन भाग असतात, नुसते तलाव किंवा तलाव अधिक सॉना, म्हणजे घाम काढायची तापलेली लाकडी खोली. शनिवार-रविवार दुपार टाळा. हातात पट्टा देतात, तोच लॉकरची किल्ली. तलावात शिरण्याआधी साबण लावून अंघोळ. तलावात कॉस्च्यूम घालायचा, टी-शर्ट, लेगिंग, सुती कपडे चालत नाहीत. अंगभर हवा असेल तर स्विमिंगच्याच कापडाचा अंगभर कॉस्च्यूम आणा आणि काउंटरवर आधी विचारून घ्या.

आता सॉना, हे कोणी नीट सांगत नाही म्हणून मी सांगते. इथल्या सॉनात कपडे घालत नाहीत. कोणीच नाही, बायका-पुरुष एकत्र. कॉस्च्यूम घालून आत गेलात तर लोक तुमच्याकडे बघतील आणि कर्मचारी येऊन काढायला सांगेल, कारण त्यांच्या दृष्टीने तो अस्वच्छपणा आहे. नको वाटत असेल तर सॉनाचं तिकीट काढूच नका, नुसत्या तलावात दिवस मजेत जातो, आई-बाबा तेच करतात. मी पहिल्या दोन ट्रिपा बाहेरच बसले, तिसऱ्यांदा धीर करून गेले, पाच मिनिटांनी लक्षात आलं की कोणाचं कोणाकडे लक्ष नाही, सगळे आपापल्या घामात आहेत.

आत जाताना अंगठी, साखळी, मंगळसूत्र काढून लॉकरमध्ये. धातू ८०-९० डिग्रीत तापतो आणि चटका बसतो, माझ्या मैत्रिणीच्या गळ्यावर वाटीचा गोल डाग आठवडाभर होता. अंघोळ करून अंग पूर्ण कोरडं करा, मोठा टॉवेल लाकडावर असा पसरा की पायाचा तळवासुद्धा त्याच्यावरच येईल, लाकडाला घाम लागता कामा नये, हाच तो दुसरा टॉवेल. पहिल्यांदा खालच्या पायरीवर, आठ-दहा मिनिटं पुरे. आडवे झाला असाल तर शेवटची दोन मिनिटं उठून बसा, एकदम उभं राहिलं की भोवळ येते. बाहेर येऊन आधी मोकळ्या हवेत दोन मिनिटं, मग गार पाणी पायांकडून वर घेत या, मग पडून राहा, जितका वेळ आत होता त्याच्या दुप्पट. असे दोन, फार तर तीन राउंड. इथे बर्फाची खोलीही आहे, जिच्यात आमच्या घरात फक्त नवरा जातो आणि ओरडत बाहेर येतो.

दाराबाहेर वेळ लिहून आउफगुस असं लावलेलं असेल तर एकदा अनुभवा. एक माणूस तापलेल्या दगडांवर सुगंधी पाणी ओततो आणि टॉवेल फिरवून ती वाफ सगळ्यांच्या अंगावर मारतो. तो चालू असताना दार उघडून आत-बाहेर करायचं नाही, अगदी सहन होत नसेल तर मात्र खुशाल निघा. बीपी, हार्ट, गरोदरपण यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सॉना नको, आणि दिवसभर चालून, कमी पाणी पिऊन आलात तर त्याच संध्याकाळी तर नकोच. म्हणून मी दुसरा दिवस म्हणते.

आल्पे दि सियुसी: मोठा चालण्याचा दिवस

दुसऱ्या मुक्कामावरचा पहिला दिवस याला द्या. जर्मनमध्ये झायझर आल्म. युरोपातलं सर्वात मोठं पठारी कुरण, ५६ चौरस किलोमीटरचं, आणि कडेला लांगकोफेल नावाचा ३,१८१ मीटरचा सुळका एकदम भिंतीसारखा. सियुसीच्या केबल कारने तुम्ही कोम्पाचला उतरता ती जागा १,८४४ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा दोनशे मीटर वर, आणि तुम्ही अजून एक पाऊलही चाललेला नसता. खाजगी गाड्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वरचा रस्ता बंद असतो, म्हणून केबल कारच बरी.

आई-बाबांबरोबर असाल तर कोम्पाचहून सालत्रियापर्यंत हळूहळू उतरत चालायचं, दोन-अडीच तास, आणि सालत्रियाहून बसने परत. तरुण मंडळींना श्लेर्नचा माथा आहे, पेट्झ म्हणतात, २,५६३ मीटर, जाऊन-येऊन सहा तास तरी धरा. नवरा राजगड-तोरणा केल्याच्या तोऱ्यात अकराला निघाला, दोनच्या सुमारास काळं आभाळ आलं आणि गारांनी झोडपला, वरच्या हटमध्ये दीड तास ओल्या मोज्यांत बसून होता. इथला नियम साधा आहे, सातला निघा, दुपारी दोनपर्यंत उघड्या माथ्यावरून खाली. गडगडाट ऐकू आला तर कडा, एकटं झाड, लोखंडी क्रॉस, तारेचे दोर सगळ्यापासून लांब. प्रांताची स्वतःची हवामान सेवा आहे, इंग्लिशमध्येही, आदल्या रात्री आणि सकाळी दोनदा बघा.

वाटेचे फलक वाचायला शिका. खडकावर-झाडावर लाल-पांढरा पट्टा आणि नंबर, तो नंबर धरून चालायचं. फलकावर वेळ लिहिलेला असतो, अंतर नाही बहुतेकदा, आणि तो वेळ इथल्या माणसाचा आहे जो शाळेतसुद्धा डोंगर उतरून जात होता, त्यात आपण दीडपट धरायचं. अवघडपणाची अक्षरं असतात, टी म्हणजे सोपं, ई म्हणजे नेहमीचा ट्रेक, डबल ई म्हणजे सराव असलेल्यांसाठी, आणि ई-ई-ए लिहिलं असेल तर तिथे दोर, हेल्मेट, हार्नेस लागतं, फोटो चांगले येतात म्हणून साध्या बुटात त्या वाटेला जायचं नाही.

गवतात शिरू नका. हे कुरण म्हणजे कोणाचा तरी वर्षाचा चारा आहे, कापणीआधी तुडवला की पडतो तो उठत नाही. गाईंना, विशेषतः वासरू जवळ असेल तर, लांबून वळसा घाला, आपल्याकडच्यासारखं कपाळावर हात ठेवायला जाऊ नका, आईला दोनदा ओढून मागे आणलं. फाटक उघडलं तर लावून घ्या.

काही झालंच तर नंबर ११२. हेलिकॉप्टर आलं आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात वर करून उभं राहायचं, इंग्लिश वायसारखं. नुसता एक हात वर आणि एक खाली म्हणजे मदत नको. उत्साहाने टाटा करू नका.

गवताची अंघोळ

दुसऱ्या दिवशी फिए गावात. याच कुरणावरचं गवत कापायला येणारे शेतकरी रात्री त्याच ताज्या गवतात झोपायचे आणि सकाळी अंगदुखी गेलेली असायची, त्यातून ही हॉइबाड निघाली. फोनवर बुकिंग करताना आई मागून म्हणाली, "अगं, एवढे पैसे देऊन पेंढ्यात झोपायचं? आमच्या गंजीत फुकट झोपलो असतो की." तरी आली.

होतं असं की ओलं करून गरम केलेलं गवत पलंगावर पसरतात, तुम्ही त्यात आडवे, वरून पुन्हा गवत, आणि मग चादरीत गुंडाळून टाकतात, फक्त तोंड बाहेर. पहिली दोन मिनिटं टोचतं. मग एकदम चहाच्या पातेल्यात पडल्यासारखा वास, त्यात रानटी थाइम, अर्निका आणि काय काय पाला असतो, आणि घामाच्या धारा. वीसेक मिनिटं. त्यानंतर बाजूच्या खोलीत गोधडीसारख्या पांघरुणात अर्धा तास पडायचं, हा अर्धा तास सोडू नका. जाताना भरपूर पाणी पिऊन जा, आणि ज्यांना गवताच्या परागांची अ‍ॅलर्जी आहे, दमा आहे, त्यांनी हे अजिबात करू नका. आई उठली ती एकही शब्द न बोलता दीड तास झोपली, आणि रात्री केस विंचरताना काड्या निघत होत्या.

उरलेले दिवस

वाल दि फुनेसच्या खोऱ्यात आडोल्फ मुंकेलची वाट हा माझा आवडता ट्रेक, झान्सहून सुरू करून गाइस्लरच्या सुळक्यांच्या अगदी पायथ्याशी जंगलातून, साधारण ९-१० किलोमीटर, वर लाकडी हट आणि तिथे सुळक्यांकडे तोंड करून ठेवलेल्या खुर्च्या. प्रसिद्ध गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर याच खोऱ्यातला.

ब्राइएसचा तलाव, त्रे चीमेचे तीन सुळके आणि सेचेदाचा डोंगर, हे तीन फोटो सगळ्यांना हवे असतात. जा, पण डोळे उघडे ठेवून. ब्राइएसला उन्हाळ्यात गाडीला आधी बुकिंग लागतं, सकाळी सातला पोचलात तर तलाव दिसतो, दहानंतर फक्त माणसं. त्रे चीमेची फेरी दहा किलोमीटर, चार तास, आणि दिसतात त्यापेक्षा हे सुळके खूपच मोठे आहेत, मधला २,९९९ मीटरचा, तिथेही सीझनमध्ये गाडी किंवा बस आधी बुक करावी लागते. सेचेदाला २०२५ मध्ये गर्दीला वैतागून जमीनमालकांनी वाटेवर चक्क फिरतं फाटक लावून ५ युरो घ्यायला सुरुवात केली होती, त्यावरून काय ते समजा.

खाणं

शाकाहारींची पंचाईत होत नाही, फक्त विचारायला लागतं. क्न्योडेल म्हणजे पावाचे मोठे गोळे, मुटक्यांसारखे, पालकाचे आणि चीजचे मागा, साध्या गोळ्यात श्पेक म्हणजे डुकराचं मांस असतं आणि सूपचं पाणी बहुतेकदा बीफचं. श्लुट्झक्राप्फेन ही पालक भरलेली अर्धचंद्र करंजी, वरून तूप सोडल्यासारखं लोणी, बाबांची रोजची ऑर्डर. कायझरश्मार्न म्हणजे तुकडे केलेला जाड पॅनकेक, गोड असतो पण अंडं असतं. दुपारी दोननंतर गावातली बरीच स्वयंपाकघरं बंद होतात ती सहालाच उघडतात, आणि प्रत्येक हॉटेलाचा आठवड्यातला एक सुट्टीचा वार असतो, दारावर रुहेटाग लिहिलेलं दिसलं की समजायचं. डोंगरावरच्या हटमध्ये रोख पैसे ठेवा. तिथे रात्र काढायची असेल तर काही महिने आधी बुकिंग आणि पातळ चादरीची पिशवी लागते.

परतीचा दिवस

ट्रेन बोल्झानोहूनच असते, तर चार तास आधी पोचा आणि पुरातत्त्व संग्रहालयात जाऊन ओट्झी बघा. १९ सप्टेंबर १९९१ ला एका जर्मन जोडप्याला हिमनदीवर सापडलेलं प्रेत, आधी सगळ्यांना वाटलं अलीकडचा कोणी गिर्यारोहक, निघाला ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस. ऑस्ट्रिया की इटली यावरून मोजणी झाली तेव्हा तो इटलीच्या हद्दीत ९२ मीटर आत भरला. उणे ६ डिग्रीच्या खोलीत ठेवलाय, छोट्या खिडकीतून दिसतो. सोमवारी बहुतेक महिन्यांत बंद असतं, तारीख बघून ठरवा.

आम्ही ममीपाशी दहा मिनिटं होतो. बाबा मात्र पुढच्या काचेसमोर हलायलाच तयार नव्हते, तिथे त्याचे बूट आहेत, अस्वलाच्या कातड्याचा तळ, आत झाडाच्या सालीची जाळी आणि त्या जाळीत ऊब राहायला भरलेलं वाळलेलं गवत. दोन्ही हात मागे बांधून बराच वेळ वाकून बघत होते, मग म्हणाले, "बघ, याचा सोल अजून आहे."